‘मानवतावाद’ या शब्दाचे मूळ : ख्रिस्ती दृष्टीने एक विचार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : माध्यमिक शिक्षक, बी. ए., बी. एड., वराळे, ता. मावळ)





या व्यासपीठावरून दरवर्षी निकाल, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी अधिकारी मंडळी बोलतात, आणि ते योग्यच आहे. मी इतिहास व नागरिकशास्त्र शिकवणारा एक साधा शिक्षक. तेव्हा आज एकाच शब्दाविषयी बोलण्याची परवानगी मागतो. तो शब्द माझ्या वर्गात उच्चारला गेला आणि त्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला संविधानातील नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. ती पाठ करून घेण्याचे काम माझ्याकडे असते. नववीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. “सर, वैज्ञानिक दृष्टी म्हणजे काय ते समजले. पण मानवतावाद म्हणजे काय? हा कोणता वाद आहे?” मी ठरलेले उत्तर दिले की, माणसाने माणसाशी माणसासारखे वागावे, हाच मानवतावाद. मुलगा खाली बसला.

दोन दिवसांनी शाळा सुटताना त्याचे वडील फाटकाशी उभे होते. म्हणाले, “सर, राग मानू नका. पोराने घरी येऊन हा शब्द सांगितला. मी एका जाणत्या माणसाला विचारले. ते म्हणाले, मानवतावाद म्हणजे अल्लाहला बाजूला सारायचे आणि त्याच्या जागी माणसाला बसवायचे. आणि हे तर पुस्तकात कर्तव्य म्हणून छापले आहे. मग आम्ही काय करायचे? पोराला शाळेत पाठवायचे आणि ईमान घरी ठेवून जा म्हणायचे?”

मंडळी, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. माझे वर्गातले उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. त्या गृहस्थांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते. मी त्यांच्याकडे मुदत मागितली. आजचे भाषण म्हणजे त्या उधारीची फेड समजा.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. माणसाची किंमत त्याच्या जातीवर, पैशावर वा जन्मावर नसून तो माणूस आहे यावरच आहे, असे मानणे हा मानवतावादाचा सर्वांना मान्य असणारा भाग. याच्या पुढे जाऊन काही विचारवंत म्हणतात की, ही किंमत ठरवण्यासाठी ईश्वराची, ग्रंथाची किंवा परलोकाची गरज नाही. माणसाची बुद्धी आणि माणसाचे या जगातील सुखदुःख एवढे पुरेसे आहे. याला ईहवादी मानवतावाद म्हणतात. इह म्हणजे हे जग. वर्गात मी पहिला भाग सांगितला आणि त्या पालकांच्या कानावर दुसरा भाग गेला. त्यामुळे आमची चुकामूक झाली.

आता आपण विचाराल की, मुसलमानांच्या संस्थेत ख्रिस्ती लोकांचे मत कशासाठी? त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या घरात आज उभा राहिलेला प्रश्न शेजाऱ्याच्या घरात अगोदर येऊन गेला असेल, तर त्याचा अनुभव विचारण्यात कमीपणा नाही. ईहवादी मानवतावाद हा शब्द ज्या युरोपात वाढला तेथे त्याचे पहिले भांडण चर्चशी झाले. आणि दुसरे असे की, हा विचार आपल्या पुणे जिल्ह्यात आला तोच मुळी पाद्र्यांच्या शाळेच्या दारातून. ती हकीगत पुढे सांगतो.

ख्रिस्ती विचारवंतांचे म्हणणे थोडक्यात असे : मानवतावाद हे आमच्याच झाडाचे फळ आहे. माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडवला गेला, असे तौरातच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. म्हणून राजा आणि भिकारी यांच्यात मूळचा फरक नाही. पुढे ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ईश्वर स्वतः येशूच्या रूपाने माणूस झाला, तोही एका सुताराच्या घरी. ही शेवटची गोष्ट आपण मुसलमान मानत नाही. हजरत ईसा यांना आपण नबी मानतो. परंतु त्या श्रद्धेचा परिणाम आपण समजून घेतला पाहिजे. गरिबाच्या देहात ईश्वर पाहावा, रोग्याची सेवा म्हणजे त्याचीच सेवा, ही शिकवण त्यातून आली. आदमच्या लेकरांना अल्लाहने इज्जत दिली आहे, हा विचार आपल्या कुरआनातही आहेच. म्हणजे या मुद्द्यावर दोन्ही घरे शेजारी शेजारी आहेत.

इतिहासाचा दाखला पाहिला तर हा दावा बराचसा खरा ठरतो. युरोपात ज्यांना प्रथम मानवतावादी म्हटले गेले ते नास्तिक नव्हते. हॉलंडचा इरॅस्मस हा दीक्षा घेतलेला धर्मगुरू. त्याने १५१६ साली ग्रीक भाषेतील नवा करार छापून प्रसिद्ध केला, कारण माणसाने मूळ ग्रंथ स्वतः वाचून पारखावा, असे त्याला वाटत होते. आणि युरोपला ही ग्रीक विद्या मिळाली ती काही अंशी आपल्याच पूर्वजांच्या हातून. बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत उतरले, स्पेनमधील तोलेदो शहरात बाराव्या शतकात ते अरबीतून लॅटिनमध्ये गेले. कुर्तुब्याचे काझी इब्न रुश्द यांनी ॲरिस्टॉटलवर लिहिलेली भाष्ये ख्रिस्ती विद्यापीठांत इतकी मान्य झाली की, संत थॉमस अक्वायनस हा त्यांना नावाने न संबोधता नुसते ‘भाष्यकार’ म्हणतो. त्याच इब्न रुश्द यांना ११९५ साली त्यांच्याच लोकांनी हद्दपार केले आणि त्यांचे ग्रंथ जाळले, हेही आपण विसरू नये.

मग झाडाचे फळ झाडापासून तुटले कसे? ख्रिस्ती लोकांतील प्रामाणिक माणसे याचे उत्तर स्वतःकडे बोट दाखवून देतात. सोळाव्या शतकात स्पेनने अमेरिका जिंकली आणि तेथील मूळ रहिवाशांना गुलाम केले. १५५० व १५५१ साली स्पेनच्या वायादोलिद शहरात वाद भरला की, या लोकांवर तलवार चालवून त्यांना ताब्यात घेणे न्यायाचे आहे काय? लास कासास नावाच्या बिशपने बाजू मांडली की, ती सर्व आपल्यासारखीच माणसे आहेत. त्याच्या विरुद्ध उभा राहिलेला सेपुलवेदा हाही ख्रिस्ती धर्मगुरूच होता. दोघांचा धर्म एक, ग्रंथ एक, पण निष्कर्ष उलट. आणि या लास कासासनेही तरुणपणी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. त्यानंतर कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात युद्धे पेटली. त्यांतले सर्वांत भयंकर युद्ध १६१८ ते १६४८ असे तीस वर्षे चालले. १६३३ साली गॅलिलिओला पृथ्वी फिरते हे मत सोडण्यास भाग पाडण्यात आले.

ज्या समाजात धर्माच्या नावाने इतके रक्त सांडते, तेथे विचारी माणूस म्हणू लागतो की, माणसाला वाचवायचे तर धर्माला दूर ठेवा. इंग्लंडचा टॉमस पेन हा त्यांपैकीच एक. त्याचे वडील क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’, म्हणजे माणसाचे हक्क, हे पुस्तक १७९१ व १७९२ साली दोन भागांत निघाले. पेन एक ईश्वर मानत असे, पण चर्च मानत नसे. पुढे १८५१ साली जॉर्ज होलिओक याने सेक्युलॅरिझम हा शब्द प्रचारात आणला. या माणसाला १८४२ साली धर्मनिंदेसाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला होता. देश उपासमारीत असताना धर्मावर एवढा खर्च कशाला, अशा अर्थाचे तो भर सभेत बोलला होता. म्हणजे पाहा, ईहवादाच्या मुळाशीही गरिबाविषयीची कळकळच होती. ती कळकळ चर्चमध्ये दिसली नाही, म्हणून ती चर्चच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

येथे ख्रिस्ती विचारवंत ईहवाद्याला तीन प्रश्न विचारतात. ते प्रश्न आपल्यालाही उपयोगी आहेत.

पहिला प्रश्न : माणसाची किंमत ईश्वराने दिली नसेल, तर ती कोणी दिली? सरकारने दिली असेल, तर सरकार ती परतही घेऊ शकेल. बहुमताने दिली असेल, तर जो अल्पमतात आहे त्याचे काय? दुसरा प्रश्न : माणूस शिकला, शहाणा झाला, की आपोआप चांगला होतो, हे खरे काय? ख्रिस्ती धर्म म्हणतो, माणसात अज्ञानाखेरीज पापाची ओढही आहे. विसाव्या शतकातील दोन महायुद्धे शिकलेल्या राष्ट्रांनीच केली. तिसरा प्रश्न आंरी द ल्युबाक या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उभा केला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, ईश्वराला वगळून माणूस जगाची व्यवस्था लावू शकेल, परंतु ती व्यवस्था शेवटी माणसावरच उलटेल.

ईहवादी गप्प बसत नाही. तो उलट विचारतो, तुमच्याजवळ ईश्वराची प्रतिमा होती, ग्रंथ होता, मग गुलामगिरी इतकी शतके कशी टिकली? अमेरिकेत मळेवाले बायबलातील वचने काढूनच गुलाम बाळगत होते ना? हा सवाल बिनतोड आहे. आणि कॅथॉलिक चर्चने तो ऐकला, हे विशेष. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगाविषयी जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात असा कबुलीजबाब आहे की, नास्तिकता वाढण्यात श्रद्धाळू लोकांचाही वाटा असू शकतो, कारण त्यांच्या चुकीच्या शिकवणीमुळे व दोषी वागण्यामुळे ईश्वराचे खरे रूप झाकले जाते. एवढ्या मोठ्या धर्मसंस्थेने असे लिहून ठेवणे ही लहान गोष्ट नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने रात्री झोपताना हे वाक्य स्वतःला लावून पाहावे. माझ्या वागण्यामुळे कोणी दीनपासून दूर गेला काय?

आता युरोपातून परत घरी येऊ. तळेगावहून लोकलने तासाभरात आपण पुण्याला पोहोचतो. त्याच पुण्यात हा सगळा वाद एका माणसाच्या आयुष्यात उतरला. ते महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे कोणीतरी सांगितल्यावरून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी हे फारसी-उर्दूचे शिक्षक होते, आणि लिजिट साहेब नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. मुलाची हुशारी पाहून या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोती पुन्हा शाळेत गेला. शाळा होती स्कॉटिश मिशनची. मंडळी, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी जर त्या दिवशी ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून घरी बसले असते, तर महाराष्ट्राचा इतिहास निराळा झाला असता. आज या सभेत बसलेल्या पालकांनी गफार बेग मुन्शींचे नाव आपल्या मुलांना जरूर सांगावे.

मिशनच्या शाळेत जोतीरावांनी बायबल ऐकले. त्याच सुमारास मित्रांबरोबर त्यांनी टॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले. गंमत अशी की, पाद्र्यांना पेनचे नाव आवडत नसे. त्याच्या धर्मावरील टीकेच्या पुस्तकाच्या स्वस्त प्रती अमेरिकेतून जहाजाने कलकत्त्यास येऊन पोहोचल्याची तक्रार मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी लिहून ठेवली आहे. ज्या पाद्र्यांनी इंग्रजी शिकवले, त्याच इंग्रजीने मुले पाद्र्यांचा विरोधक वाचू लागली. एकाच तरुणाच्या मनात दोन्ही प्रवाह आले. अहमदनगरला मिस फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांनी प्रेरणा घेतली आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. लोकांचा रोष झाला, १८४९ साली वडिलांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात त्यांची सहकारी फातिमा हिचे नाव आढळते.

पुढे काय झाले? जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत आणि नास्तिकही झाले नाहीत. पाद्र्यांचे उपकार त्यांनी नाकारले नाहीत, पण बाप्तिस्मा घेतला नाही. पेनचे तर्क घेतले, पण ईश्वर सोडला नाही. त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. ईसा आणि महंमद पैगंबर या दोघांविषयी त्यांनी आदराने लिहिले. पैगंबरांवर तर त्यांनी काव्यच रचले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला.

ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात, जोतीरावांची समता बायबलातून आली. बुद्धिवादी म्हणतात, पेनमधून आली. वारकरी म्हणेल, आमच्या इंद्रायणीकाठच्या तुकोबांकडून आली. मी म्हणतो, विहिरीचे झरे मोजत बसू नये, पाणी कोणाला मिळाले ते पाहावे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्या काळी सावलीचाही विटाळ मानत, त्या काळी. मानवतावाद म्हणजे काय, असे मला वर्गात पुन्हा कोणी विचारले, तर मी व्याख्या सांगण्याऐवजी त्या हौदाची गोष्ट सांगेन.

परंतु शाळा चालवणाऱ्यांसाठी आणखी एक अवघड धडा पुण्यातच आहे. पंडिता रमाबाई या संस्कृतच्या विदुषी. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथेही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. मला पटेल तेच मी मानीन, असे त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींना पत्रांतून परखडपणे कळवले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले, आणि १८९० साली ते पुण्यास आणले. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असे वचन होते. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार झाले. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

चूक कोणाची? रमाबाई म्हणत, मी कोणावर सक्ती केली नाही, मग माझ्याच खोलीचे दार मी का लावून घेऊ? पालक म्हणत, आम्ही विश्वासाने मूल सोपवले होते. दोन्ही बाजूंना वजन आहे. शिक्षक म्हणून मला एवढेच कळते की, कोवळ्या मुलापुढे शिक्षकाची श्रद्धा ही नुसती खाजगी गोष्ट राहत नाही. ती असावी, लपवू नये, पण तिचे ओझे मुलाच्या खांद्यावर पडणार नाही याची काळजी घ्यावी. आपल्या शाळांतून उद्या हिंदू मुले येतील, बौद्ध मुले येतील, काही ठिकाणी येतही असतील. त्यांचे आईबाप १८९३ सालच्या पालकांच्या जागी असतील. आपण इतरांच्या शाळांकडून जी अपेक्षा करतो, तीच आपल्या शाळेत पुरी केली पाहिजे.

या वादळातूनही चांगले निघाले. शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिलांचे विद्यापीठ. त्यांचे पुत्र रघुनाथराव कर्वे तर कडवे बुद्धिवादी म्हणून प्रसिद्ध. ख्रिस्ती बाईंच्या शाळेचा धागा बुद्धिवाद्याच्या घरापर्यंत असा पोहोचतो. आणि रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून आपल्या पुणे जिल्ह्यातच केडगावला मुक्ती सदन वसवले.

आपल्या काळातील एक उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथॉलिक धर्मगुरू आणि मराठीचे लेखक. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईची हिरवी शेती व पाणी वाचवण्याच्या चळवळीत ते पुढे होते, आणि त्या चळवळीत सर्व धर्मांची माणसे होती. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. तरी संमेलन पार पडले. २०२४ साली ते निवर्तले.

आता शेवटचा टप्पा. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार केला. पहिल्या कलमात माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहे, असे शब्द घालावेत, अशी सूचना ब्राझीलच्या प्रतिनिधीने मांडली. चीनचे प्रतिनिधी चँग म्हणाले की, सर्व जगाच्या दस्तऐवजात एका परंपरेची भाषा नको. सूचना मागे घेतली गेली. ज्या समितीत हे घडले तिचे अध्यक्ष लेबनॉनचे चार्ल्स मलिक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. आपल्या देशाच्या हंसाबेन मेहता यांच्या आग्रहावरून ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द जाऊन ‘सर्व मानव’ हा शब्द आला. फ्रेंच कॅथॉलिक तत्त्वज्ञ जाक मारितँ त्या काळी एक किस्सा सांगत. परस्परविरोधी मतांची माणसे हक्कांच्या यादीवर एकमत कशी झाली, असे कोणी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, ‘का’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही या अटीवर आम्ही एक झालो आहोत.

पालक बंधूंनो, आपल्या संविधानातील तो शब्दही मला असाच वाटतो. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत मानवतावाद आला. त्याच दुरुस्तीने उद्देशिकेत धर्मनिरपेक्ष हा शब्दही आला. तो शब्द माझ्या मुलाला सांगतो की, माणसाला माणूस मान. ‘का’ मानायचे, याचे उत्तर मात्र तो देत नाही. ती जागा मोकळी ठेवली आहे. ईहवादी ती जागा बुद्धीने भरील, ख्रिस्ती आपल्या श्रद्धेने भरील, आणि माझा विद्यार्थी ती आपल्या ईमानाने भरू शकेल. ती रिकामी राहिली, तर ख्रिस्ती लोक विचारतात तो प्रश्न आपल्यालाही लागू पडेल की, मूळ तुटलेले झाड किती दिवस हिरवे राहणार? आणि ती नुसत्या शब्दांनी भरली, तर ईहवाद्याचा प्रश्न लागू पडेल की, मूळ आहे म्हणता, मग फळ कोठे आहे?

मी त्या पालकांना हेच सांगितले. म्हटले, “पान फाडू नका आणि पोराला शाळेतूनही काढू नका. ‘का’ हे तुम्ही घरी शिकवा, ‘कसे’ हे आम्ही शाळेत शिकवतो.” ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “सर, पण घरी शिकवायला मला तरी कुठे नीट येते?” मंडळी, हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो आपल्या सर्वांचा आहे. त्याचे उत्तर एका भाषणात मिळणार नाही. पालकांनी पुस्तक उघडून मुलाशेजारी बसण्यापासून त्याची सुरुवात होईल.

जोतीराव १८९० साली वारले. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्या घरात बाई बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून बौद्ध होते, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुरआन वाचून मुसलमान होते आणि मुलगा सत्यधर्मी होतो. तरी ती सर्व एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एका घरात राहतात. प्रत्येक जण पुस्तक वाचतो, हे त्यात फार महत्त्वाचे आहे. न वाचता कोणी काही होत नाही, आणि न वाचता कोणी कोणावर रागावतही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हा शब्द ऐकून घाबरू नका. त्याचे मूळ शोधा, सर्व बाजू वाचा, आपल्या दीनवर कायम राहा, आणि कोणा गफार बेग मुन्शींसारखे शेजारच्या एका तरी मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोहोचवा.